रविवारचं पाणी

मायाळूच्या खालून चौथ्या पानाची कड करपली होती. किती करपली, हे दीपमालानं ऋतुजाच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजलं. कडेपासून आत चार मिलिमीटर. गेल्या गुरुवारी याच पानावर अडीच भरलं होतं. करपलेला भाग तपकिरी, पापडासारखा कुरकुरीत. त्याच्या आतल्या अंगाला पिवळी रेघ, शिरांच्या कलानं नागमोडी गेलेली. शेंड्याकडची तीन पानं मात्र अजून जाड आणि गर्द हिरवी होती. म्हणजे दुखणं जुन्या पानांकडून नव्या पानांकडं, खालून वर सरकत होतं.

तिनं वहीत आकडा लिहिला आणि पट्टी पेटीत ठेवली. सकाळचे सात वाजले होते. मृग लागून आठवडा उलटला, तरी ऊन काही उतरायचं नाव घेत नव्हतं.

मायाळूला खरं तर असंच ऊन लागतं. उन्हाळ्यात पालक तुऱ्यावर येतो, मेथी कडू होते, कोथिंबीर जळून जाते; मायाळू ऊन चढेल तसा चढतो. मुखेडजवळच्या तिच्या सासरी तो कुणी लावलाच नव्हता. पाखरांनी जांभळी फळं खाल्ली, बिया टाकल्या आणि गोठ्याच्या कुंपणावर तो आपसूक पसरला. शेळ्यांनी ओरबाडला तरी आठ दिवसांत पुन्हा होता तसा. सासूबाई, धोंडाबाई, तुरीच्या वरणात त्याची मूठभर पानं टाकायच्या, आणि एरवी अर्ध्या भाकरीवर उठणारी ऋतुजा दोन भाकरी खायची.

इथं लातुरात बी निवडून घेतलेलं, रात्रभर भिजवलेलं. निळा ड्रम अर्धा कापून त्यात गावाहून आणलेली काळी माती आणि लेंडीखत. वर चढायला सुतळी, आणि सुतळी बांधायला घरमालकिणीनं पुढंमागं तिसरा मजला चढवू म्हणून गच्चीवर सोडून दिलेल्या सळया. इतकं सगळं करून वेल चार फुटांवर येऊन अडून बसला होता.

लातूरच्या या भागात प्रत्येक इमारतीत अशी एक तरी आई सापडते: गाव, रान, नवरा, सासू मागं ठेवून आलेली, क्लासला लावलेल्या एका लेकरासाठी एका खोलीत दोन वेळचा स्वयंपाक करणारी. तिला नावानं कुणी हाक मारत नाही. दीपमाला इथं 'ऋतुजाची मम्मी' होती. ऋतुजा बारावीला मेसमध्ये जेवली, वर्षभर पोटदुखीनं हैराण झाली आणि नीटची परीक्षा गोळ्या घेऊन दिली. मग दीपमाला आली. एक वर्ष म्हणून आली, त्याची दोन झाली. पहिल्या वर्षी ऋतुजाला चारशे अडतीस गुण पडले, यंदा चारशे एकसष्ट. लागतात त्याच्यापेक्षा दोन्ही कमीच. तिसऱ्या वर्षासाठी रिपीटर बॅचचा प्रवेश येत्या सोमवारी बंद होणार होता.

आणि दीपमालाला या खोलीत तिसरं वर्ष काढायचं नव्हतं. हे तिला निकालाच्या दिवसापासून, खरं सांगायचं तर त्याच्याही आधीपासून, ठाऊक होतं. तिनं ते अजून कुणापाशी उच्चारलं नव्हतं.

"ऋतुजाची मम्मी, काय करायलीस ग वर? डॉक्टरावाणी पान तपासायलीस!"

घरमालकीण मनकर्णाबाई एकेक पायरी चढत गच्चीच्या दारात आल्या. सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार, देगलूरकडच्या. खालच्या मजल्यावर त्या एकट्या, मधल्या मजल्यावर सहा पोरी, आणि वर ही मायलेक.

"कड जळायलीय, मावशी. आठ दिवसांत दीड मिलिमीटर."

"मिलिमीटर!" मनकर्णाबाई हसल्या. "आमच्या माहेरी याला बच्चली म्हणत्यात. उकिरड्यावर उगवती. तिला कुणी पट्टी लावून बघितल्याचं मी तर बाई ऐकलं न्हाई."

"उकिरड्यावर उगवते, माझ्याजवळ उगवत नाही. तेच तर बघायलेय."

"लेकराचं आन् येलाचं सारखंच असतंय बघ, माय. लई बघू न्हाई. नजर लागती."

दीपमालानं वही मिटली. वेल हा वेल असतो. त्याला मुळं असतात, पानं असतात, आणि पानांची कड जळते तेव्हा त्याला कारण असतं. लोक त्यात लेकरू कुठून आणतात, हे तिला कळत नसे, आणि अलीकडं त्याची चीडही येऊ लागली होती.

"बरं, ते जाऊ दे," मनकर्णाबाई कठड्याला टेकल्या. "खोलीचं काय ठरलं तुमचं? भोकरची एक बाई रोज फोन करायलीय. तिचा पोरगा अकरावीला यायलाय. मी म्हणलं, आमची ऋतुजाची मम्मी काय म्हणती बघू, मग सांगते."

"ऐतवारी हे येणार हेत. मग सांगते."

"मागच्या ऐतवारी बी हेच म्हणलीस."

"हो."

"त्याच्या आदल्या ऐतवारी बी."

दीपमाला सुतळीची सैल झालेली गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.

तिनं नांदेडला बी.एस्सी. केलं होतं, वनस्पतिशास्त्र घेऊन. कडेनं जळणारी जुनी पानं म्हटल्यावर तिला पहिल्यांदा पोटॅशियम आठवलं होतं. पोटॅशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, आणि जुनी पानं कडेनं करपतात. पुस्तकात अगदी असंच चित्र होतं. तिनं मधल्या मजल्यावरच्या पोरींकडून केळींच्या साली मागितल्या. मग पहिल्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळशाची राख आणली, चाळून घेतली आणि तीन वेळा मूठमूठ घातली. राखेनंतर जळणं थांबायच्या ऐवजी वाढलं. मग तिनं ऊन जास्त होतंय का बघितलं, हिरवी जाळी बांधली. वेल पिवळा पडला, जाळी सोडली. पानाखाली रस शोषणारा लाल कोळी आहे का, ते भिंगातून पाहिलं. नव्हता. ड्रमचं भोक मोकळं आहे का, तार घालून पाहिलं. होतं. ड्रमच्या कडेला मातीवर पांढरा थर धरला होता. त्याचं तिला काही वाटलं नाही. बोअरच्या पाण्यानं लातुरात कशावर पांढरा थर धरत नाही? नळाची तोटी, बादली, चहाचं पातेलं, सगळ्यावर धरतो.

मार्चमध्ये वीस बिया टाकल्या होत्या, तेरा उगवल्या, त्यातल्या चांगल्या तीन ठेवल्या. एप्रिलच्या मध्यापर्यंत वेल दिवसाला दोन सेंटिमीटर चढत होता. वहीत सगळं होतं. वीस एप्रिलनंतर काय झालं, एवढंच वहीत नव्हतं.

त्याच गुरुवारी दुपारी ऋतुजा गादीवर पालथी पडून मोबाइल बघत होती. एकोणीस वर्षांची, डोळ्यांखाली काळं, आणि निकालापासून पुस्तकांचा गठ्ठा तिनं दोरी बांधून कपाटावर ठेवलेला.

"काय ठरवलंस?" दीपमालानं भाजी निवडता निवडता विचारलं. पालकच होता, बाजारातला, दांड्याच जास्त.

"कशाचं?"

"बॅचचं."

"तू म्हणशील तसं."

"परीक्षा तुला द्यायचीय."

"हो, पण राहायचं तुला ना माझ्यासाठी. म्हणून तू म्हणशील तसं." ऋतुजानं मान वर केली. "तुला राहायचंय का?"

"माझं काय घेऊन बसलीस? बाबांना विचारू."

"बाबांना मी परवाच विचारलं. ते म्हणले, मम्मीला विचार." ऋतुजा उठून बसली. "मम्मी, ही काय गंमत लावलीय आपण? मी तुला विचारते, तू मला विचारतीस, दोघी मिळून बाबांना विचारतो, बाबा परत तुझ्याकडं पाठवतेत. आपलं घर म्हणजे तहसील हापीस झालंय. एका टेबलाचा कागद दुसऱ्या टेबलावर!"

दीपमालाला हसू आलं, पण ते पुरतं ओठावर आलं नाही. "तुला काय वाटतं ते सांग आधी."

"आधी तू सांग."

"मी सांगितलं की तू तेच म्हणशील."

"आन् मी सांगितलं की तू तेच करशील. मग?"

दीपमाला दांड्या खुडत राहिली. 'राहायचं नाही' हे दोन शब्द तिच्या घशाशी आले होते, आणि नेहमीसारखे तिथूनच परत गेले. या शब्दांची भीती तिला ऋतुजामुळं वाटत नव्हती. बी.एस्सी.ला तिला पहिला वर्ग मिळाला होता, एम.एस्सी.ला नांदेडलाच नंबर लागला होता. यादीत आपलं नाव बघून ती घरी आली तेव्हा तिचे वडील, किशनराव, ओसरीत बसून पानाला चुना लावत होते. वर न बघता ते म्हणाले होते, "झालं तेवढं लई झालं, बाई. आता बास." त्यांनी आवाज चढवला नव्हता. रागही नव्हता त्यांच्या बोलण्यात. सहा महिन्यांत तिचं लग्न झालं. पुढं नवरा चांगला मिळाला, सासूही चांगली मिळाली, पण ते 'आता बास' तिनं कधी माफ केलं नाही. शिकणाऱ्या पोरीला बास म्हणणारं आपल्या घरात पुन्हा कुणी असणार नाही, हे तिनं ऋतुजाच्या जन्माआधीच ठरवून टाकलं होतं. आणि आता आपण खोली सोडली तर ऋतुजाला पुन्हा मेसचं खावं लागणार, पुन्हा गोळ्या, आणि मग पोरगी परीक्षाच सोडून देणार. म्हणजे बास म्हणणारी आपणच.

म्हणून ती दर वेळी वर जायची आणि पानं मोजायची. पानांचं निदान कुठं ना कुठं सापडेलच, अशी तिला खात्री होती. ते न सापडल्यानं होणारा संताप तसा बरा होता. निदान तो कुणा माणसावर नव्हता.

रविवारी शिवशंकर, तिचा नवरा, सकाळच्या एसटीनं मुखेडहून निघाला. जळकोटवरून फोन आला, "बसलोय, जागा मिळाली, धा-पाच मिनटं इकडंतिकडं, एकपातूर येतो." एरवी रविवारी दहाला दीपमाला आठवड्याचा बाजार करायला गोलाईकडं जायची आणि एकला परतायची. वर्षभर तिचं हे ठरलेलं होतं, कारण रविवारी ऋतुजाची टेस्ट असायची आणि ती बाराला घरी यायची. परीक्षा झाल्यावरही बाजाराची वेळ तीच राहिली; ऋतुजा मात्र आता बारापर्यंत झोपून असायची. आज शिवशंकर घरूनच ज्वारीचं पीठ, डाळ, तूप, कांदे आणणार होता. त्यामुळं पहिल्यांदाच ती रविवारच्या अकरा वाजता खोलीत होती.

जिन्यात बादलीची कडी वाजली. एक पायरी, कडी. एक पायरी, कडी. मध्ये दम खायला थांबणं. कोण एवढं जड घेऊन चढतंय म्हणून दीपमाला दारात आली, तर मनकर्णाबाई. एका हातात अर्धी बादली, दुसरा हात भिंतीला.

"मावशी! मला हाक मारायची ना. द्या इकडं."

"तू हायेस व्हय घरी? बाजाराला न्हाई गेलीस?" मनकर्णाबाई जराशा वरमल्या, चोरी पकडली गेल्यासारख्या. "काय न्हाई ग. तुझ्या येलाला पाणी. ऐतवारी तू नसतीस, उन्हात सुकून जाईल म्हणून मीच घालते दोन तांबे. राहिलेल्यात जिना धुऊन काढते."

दीपमाला तिथंच थांबली. रविवारी दुपारी परत आल्यावर ड्रममधली माती तिला नेहमी ओली दिसायची. ऋतुजानंच, न सांगता, पाणी घातलं असणार, असं तिनं धरून चाललं होतं. ती त्याबद्दल कधी बोलली नव्हती. बोललं की पोरगी पुन्हा करायची नाही, अशी एक समजूत. आठवड्यातला तेवढा एक ओला गोल बघून तिला बरं वाटायचं.

"कवापासून घालताय, मावशी?"

"मशिन बसलं तवापासून. एप्रिलात न्हाई का, खालच्या पोरींचे केस गळायले म्हणून जड पाणी मऊ करायचं मशिन बसवलं? त्याला ऐतवारच्या ऐतवारी धुवावं लागतंय. लई पाणी जातंय माय त्यात! मशिनवाला म्हणला, नालीत सोडा. मी म्हणलं, बाबा, या गावाला रेल्वेनं पाणी आलंवतं. तवा मी दोन घागरींसाठी चार तास उभी व्हते. मी थेंब नालीत सोडत न्हाई."

दीपमालानं बादलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अगं! तोंडात काय घालतीस? प्यायचं पाणी न्हाई ते!"

खारट होतं. थोडं नाही, भाजीत दोनदा मीठ पडल्यावर लागतं तसं. ती गच्चीवर गेली, ड्रमच्या कडेचा पांढरा थर नखानं खरवडला. बोअरच्या पाण्याचा थर दगडासारखा चिवट असतो, त्याला चव नसते. हा भुरभुरीत होता, उन्हात चमकत होता. तोही खारट.

"मावशी, मशिन धुताना त्यात मीठ टाकतेत ना?"

"टाकतेत की. जाडं मीठ. त्याबिगर धुतलंच जात न्हाई म्हणे." मनकर्णाबाई मागोमाग आल्या होत्या. त्या ड्रमकडं बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे… माझ्यानं जळालं व्हय हे?"

नऊ रविवार. दर रविवारी दोन तांबे. दीपमालानं मनातल्या मनात गुणाकार केला. निदान पावशेर मीठ तरी या मातीत उतरलं होतं. त्यावर तिनं स्वतः तीन मुठी राख घातली होती, म्हणजे आणखी क्षार. कमी पडतंय असं समजून, आधीच जास्त झालेलं तिनंच वाढवलं होतं. पोटॅशियमची उणीव आणि मिठाचा मारा, दोन्हींत पान सारखंच जळतं. पुस्तकात तेही होतं, पुढच्या पानावर. ते पान तिनं वाचलं नव्हतं.

तिला ओरडायचं होतं. दोन महिने. केळीच्या साली, भिंग, जाळी, तार, वहीतले सगळे आकडे. आणि ओरडायचं कुणावर? समोर सत्तर वर्षांची बाई उभी होती, जी दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले चढून, हातातली बादली न सांडता, दर रविवारी तिच्या वेलाची काळजी घेत होती.

"तुम्ही पाणीच दिलंत, मावशी," ती म्हणाली. "तुम्हाला काय माहीत."

"इचारायला पाहिजे व्हतं ग मी."

"मी पण विचारायला पाहिजे होतं."

आवाज ऐकून ऋतुजा बाहेर आली. दीपमालानं तिच्याकडं वळून विचारलं, "तू रविवारी कधी पाणी घालत नव्हतीस?"

"मी? न्हाई. तू कधी सांगितलंस?"

"नाही सांगितलं."

"मग?" ऋतुजाला काही कळेना. "घालायला पाहिजे होतं का?"

दीपमालानं नकाराची मान हलवली आणि बादली उचलून जिन्याकडं नेली.

शिवशंकर दीडला पोचला, खांद्यावर पिठाचं पोतं, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. हातपाय धुऊन जेवायला बसला तोवर ऋतुजानं त्याला सगळं सांगून टाकलं होतं. मनकर्णाबाईही वर आल्या होत्या, वाटीभर आमटी घेऊन. अपराधी वाटलं की त्या काहीतरी घेऊन येत.

"मिठाचं पाणी!" शिवशंकर पोटभर हसला. "मावशी, येलाचं लोणचं घालायचा इचार व्हता का काय?"

"हास बाबा, हास. माझं मला वाईट वाटायलंय."

"अवो, वाईट काय त्यात? येलच हाय." त्यानं भाकरी मोडली. "आता काय उपाय मग, शास्त्रज्ञबाई?"

"माती धुवावी लागेल," दीपमाला म्हणाली. "ड्रमच्या तिप्पट गोडं पाणी वरून सोडायचं, खालून जाऊ द्यायचं. म्हणजे मीठ वाहून जातं."

"किती व्हईल?"

"दोनशे-अडीचशे लिटर."

नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं, आणि घरात प्यायच्या पाण्याचे दोन हंडे होते.

"मग माती बदलू," शिवशंकर सहज म्हणाला. "त्यात काय! पुढच्या खेपेला अजून दोन पोती आणतो. मागं कंडक्टर म्हणला, 'पाटील, लातूरची माती संपली का?' म्हणलं, संपली न्हाई, बाबा, पर आमच्या घरच्या बाईला मानवत न्हाई." तो पुन्हा हसला. "नवी माती, नवं बी. श्रावणापातूर येईल की वर. आजून वर्ष पडलंय."

दीपमाला वाढता वाढता थांबली. "कशाचं वर्ष पडलंय?"

"आता… हितलं. बॅचचं."

"कुणी ठरवलं?"

"तुम्हीच ठरवलं असंल ना दोघींनी. मला वाटलं, झालं ठरून. म्हणून तर पिठाचं अख्खं पोतं आणलं." त्यानं ऋतुजाकडं बघितलं. "न्हाई ठरलं?"

"मी म्हणलं, मम्मी म्हणेल तसं," ऋतुजा ताटाकडं बघत म्हणाली.

"बरोबर हाय. आईला इचारलं पाहिजे. मी काय, मी हितं राहत न्हाई. मी म्हणायचं आन् तिनं भोगायचं, असं नको. दीपमाला, तुम्ही दोघी सांगा. तुम्ही सांगाल त्याला मी तयार."

तो मनापासून बोलत होता. दोन वर्षं त्यानं दोन घरं चालवली, एका शब्दानं तक्रार केली नाही, जागा मिळाली नाही तेव्हा चार-चार तास एसटीत उभा राहून सामान आणलं. त्याच्या सगळं सोसण्यात 'तू परत ये' एवढंच नव्हतं. ते त्यानं कधी म्हटलं असतं तर तिला त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. सगळे एकमेकांना जपत होते. जपता जपता दोन वर्षं गेली होती आणि आता तिसरं वर्ष पिठाच्या पोत्यासारखं, कुणी न मागता, दारात येऊन पडलं होतं.

"मला तर वाटतंय, राहावं तुम्ही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "भोकरच्या बाईला मी न्हाई म्हणून टाकते. माझ्यामुळं येल गेला, आता खोली तरी…"

"आजी, खोलीचा आन् वेलाचा काय संबंध?" ऋतुजा वैतागली.

"अगं, माणसाला वाटतंय ना."

"सगळ्यांना नुसतं वाटतंय! सांगत कुणीच न्हाई!" ऋतुजानं ताट पुढं सरकवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं. "उद्या पाच वाजता बंद होणार ते. मला खरंच कळत न्हाई मला काय पाहिजे. पण मी जे म्हणेन त्याच्यावर मम्मीचं अख्खं वर्ष जातंय, हे डोक्यात असलं की मला विचारच करता येत न्हाई. मी अभ्यासाला बसले तरी तेच, न्हाई बसले तरी तेच. मम्मी, तू एकदा तरी तुझं सांग ना. माझ्यासाठी नको. बाबांसाठी नको. तुझं."

भाताचं पातेलं दीपमालाच्या हातात होतं. ते तिनं खाली ठेवलं. तव्यावर एक भाकरी होती, ती जळू लागल्याचा वास आला. तिनं गॅस बंद केला. हात पदराला पुसले. वडिलांचा शांत आवाज तिला आत्ताही ऐकू आला, आणि पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की त्यांनी तिच्या शिकण्याबद्दल ठरवलं होतं. आपण जे बोलायला घाबरतो आहोत ते स्वतःच्या राहण्याबद्दल आहे. दोन्ही एक नव्हेत. पान सारखं दिसतं म्हणून कारण सारखं नसतं.

"पोतं परत न्यायचं," ती शिवशंकरला म्हणाली.

"आं?"

तिचा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. मधल्या मजल्यावरच्या पोरींनाही गेला असावा.

"ऋतुजानं परीक्षा द्यायची का नाही, ते तिचं तिनं ठरवायचं, आणि दिली तर तिच्या जेवणाचं काय करायचं ते आपण तिघं बसून बघू. पण मी यंदा लातूरला राहणार नाही. मावशी, भोकरच्या बाईला हो म्हणून सांगा. मी गावाकडं चाललेय."